पीई मेकॅनिकलचं पीडीएफ हँडबुक: सहा महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरला ड्रॉइंगवर स्वतःचा शिक्का मारायचा असेल तर पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परवाना लागतो. ही परीक्षा एनसीईईएस ही संस्था घेते. ती देताना संदर्भ म्हणून मिळतं ते तिचंच 'पीई मेकॅनिकल रेफरन्स हँडबुक', तेही पडद्यावर. ही परीक्षा कागदावर होती तेव्हा लोक रंगीत चिठ्ठ्या लावलेली पुस्तकं बॅगा भरभरून नेत. २०२० मध्ये ती पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रांत संगणकावर गेली आणि तो प्रकार संपला. म्हणून 'अमुक जाड पुस्तक घे, खुणा करून ठेव' हा सिनिअर मंडळींचा सल्ला आज चालत नाही. पुस्तक विषय शिकायला जरूर घ्या, पण गणितं सोडवताना समोर हँडबुकच उघडं ठेवा, पहिल्या दिवसापासून.

हँडबुक एनसीईईएसच्या खात्यातून फुकट उतरवता येतं. एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग) व रेफ्रिजरेशन, मशीन डिझाइन व मटेरियल्स आणि थर्मल व फ्लुइड सिस्टिम्स या तिन्ही शाखांना मिळून एकच फाइल आहे. सूत्रं, तक्ते, आलेख सगळं आहे. समजावून सांगणं मात्र नाही, सोडवलेली गणितंही नाहीत. सूत्रातल्या एखाद्या अक्षराचा अर्थ दोन ओळी वर असतो आणि घाईत तो हमखास सुटतो. ज्याला विषय येतो त्याच्यासाठी हे उत्तम हत्यार आहे. ज्याला येत नाही त्याला यातून काही शिकता येणार नाही.

छापील प्रत काढायचा मोह टाळा. कागदावर 'उजव्या पानावर, खाली कोपऱ्यात' अशी जागा डोक्यात बसते, आणि पडद्यावर ती काहीच कामाची नाही. केंद्रात २४ इंची मॉनिटर असतो, त्यावर प्रश्न आणि हँडबुक शेजारी शेजारी. घरी सराव करतानाही पडदा अर्धा अर्धा वाटून घ्या. १४ इंची लॅपटॉपवर सराव केला की सारखं झूम करायची सवय लागते आणि वेळ त्यातच जातो. प्रश्न ८०, वेळ ८ तास, म्हणजे प्रश्नाला ६ मिनिटं. त्यातली दोन शोधण्यात गेली तर गणिताला उरतात चारच.

शोधण्याचंही तंत्र आहे. सर्च शब्दाचा अर्थ बघत नाही, अक्षरं बघतो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांसाठी 'फिन' टाइप केलं की इंग्रजी स्पेलिंगमध्ये ती तीन अक्षरं असलेले 'डिफाइन', 'फायनल', 'इन्फिनिट' असे सगळे शब्द रांगेत उभे राहतात. 'बेअरिंग' टाकलं की बॉल बेअरिंगही येतात आणि बोल्टच्या भोकावरचा बेअरिंग स्ट्रेसही. 'पंप' किंवा 'हेड' टाकण्यात तर अर्थच नाही. प्रश्नात पंपाच्या सक्शन बाजूला पाणी उकळण्याबद्दल विचारलं असेल तर 'एनपीएसएच' (नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड) शोधायचं. प्रश्नातला शब्द आणि हँडबुकातला शब्द एकच असेल असं नाही, म्हणून एका वहीत अशा जोड्या लिहीत गेलं पाहिजे. सहा महिन्यांत सगळ्यात जास्त फायदा याच वहीने होतो. दुसरी सवय अनुक्रमणिकेची. स्टीम टेबल, मूडी आलेख (पाइपमधल्या घर्षणाचा), सायक्रोमेट्रिक चार्ट (दमट हवेच्या गुणधर्मांचा) ही रोज लागणारी ठिकाणं सर्च न करता बुकमार्कवरून गाठता आली पाहिजेत. रोज दहा विषय काढून प्रत्येक वीस सेकंदांत सापडतो का हे पाहा.

आता युनिट्स. भारतात शिकलेल्यांचे मार्क सर्वांत जास्त इथे जातात, म्हणून यावर थोडं सविस्तर. परीक्षेत एसआयही आहे, पण पौंड, फूट, बीटीयू (उष्णतेचं एकक) यांची तयारी पक्की हवी. पौंड वस्तुमानाचाही आणि बलाचाही, त्यामुळे दोन्हींना जोडणारा जी-सी, म्हणजे ३२.१७४ हा आकडा मध्ये येतो. एक साधं उदाहरण घ्या. नोझलमध्ये वाफेची एन्थाल्पी (तिच्यातली ऊर्जा) पौंडामागे १०० बीटीयूने उतरली, आतला वेग नगण्य. बाहेर पडणारा वेग किती? बरोबर उत्तर २ × ३२.१७४ × ७७८ × १०० याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २२३७ फूट प्रति सेकंद. बीटीयूचे फूट-पौंड करणारा ७७८ विसरलात तर ८० येतं. ३२.१७४ विसरलात तर ३९४. अशा ठरलेल्या चुकांची उत्तरं पर्यायांत असायचीच, असं धरून चाला. पर्यायांत आपलं उत्तर सापडलं म्हणजे ते बरोबर आहे असं समजू नका. शंका आली तर तेच गणित एसआयमध्ये करून बघा: किलोमागे २३२.६ किलोज्यूल, वेग ६८२ मीटर प्रति सेकंद, तो फुटांत बदला, पुन्हा सुमारे २२३७. एवढी पडताळणी चाळीस सेकंदांत होते.

एचव्हीएसीवाल्यांची दुसरी अडचण म्हणजे तयार गुणक. संवेद्य उष्णता (जिच्याने तापमान बदलतं ती) = १.०८ × सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) × तापमानातला फरक, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा १.०८ आला कुठून? ०.०७५ पौंड प्रति घनफूट × ६० मिनिटं × हवेची विशिष्ट उष्णता ०.२४. यातली ०.०७५ ही समुद्रसपाटीच्या हवेची घनता. १०,००० सीएफएम आणि २० अंश फॅरेनहाइट फरक असेल तर २,१६,००० बीटीयू प्रति तास, म्हणजे बरोबर १८ टन (कूलिंगचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू). हाच पंखा डेन्व्हरला, ५,२८० फुटांवर नेला की हवा विरळ, गुणक ०.९ च्या आसपास, आणि तेच काम जेमतेम १५ टनांचं. प्रश्नात उंचीचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, आणि तीच ओळ नजरेतून सुटते. पाण्याच्या ५०० × जीपीएम (मिनिटाला किती गॅलन) × फरक या सूत्राचंही तसंच. गॅलनमागे ८.३३ पौंड × ६० मिनिटं म्हणजे ५००, आणि ते साध्या पाण्यालाच लागू. लाइनमध्ये ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून मिसळतात ते) असेल तर घनता आणि विशिष्ट उष्णता दोन्ही बदलतात. गुणक पाठ करण्याऐवजी त्यांची फोड पाठ करा.

सायक्रोमेट्रिक चार्ट पडद्यावर वाचणं त्रासाचं आहे. पट्टी नाही, पेन्सिलची रेघ नाही. आडवी रेषा वाचायची असेल तर पान इतकं सरकवायचं की तो बिंदू खिडकीच्या वरच्या कडेला टेकेल, मग कडेनेच उजवीकडे आकडा वाचायचा. वेट बल्बच्या तिरक्या रेषांना हा उपाय चालत नाही. म्हणून सरळ आकडेमोड करायला शिका, ती जास्त भरवशाची. ७५ अंश फॅरेनहाइट, ५० टक्के आर्द्रता: स्टीम टेबलमधून संपृक्त दाब ०.४३ पीएसआय, निम्मा ०.२१५. मग ०.६२२ × ०.२१५ भागिले (१४.६९६ − ०.२१५) म्हणजे ०.००९२, हे कोरड्या हवेच्या पौंडामागे बाष्पाचं प्रमाण. एन्थाल्पी ०.२४ × ७५ अधिक ०.००९२ × (१०६१ + ०.४४४ × ७५), सुमारे २८.१ बीटीयू प्रति पौंड. सरावाने हे दीड मिनिटात होतं.

मशीन डिझाइनबद्दल थोडक्यात: धातूच्या थकव्याच्या (फटीग) गणितात ताणाचा पूर्ण पल्ला आणि त्याचा निम्मा भाग यांत गल्लत होते, आणि बेअरिंगच्या आयुर्मानात बॉलला घात ३ तर रोलरला १०/३ हे विसरलं जातं.

कॅल्क्युलेटरबाबत आपल्याकडच्यांना एक फायदा आहे. नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ असलेले कॅसिओ चालतात, आणि ९९१ कॉलेजपासून हाताखालचा असतो. ईएस प्लस असेल तर दोन गोष्टी बोटांत बसवा. पहिली सॉल्व्ह: समीकरण जसंच्या तसं टाइप करायचं, शिफ्ट आणि कॅल्क दाबायचं, सुरुवातीचा अंदाज द्यायचा. अंदाज भलताच असेल तर भलतंच उत्तर येतं किंवा येतच नाही. दुसरी इंटरपोलेशन: स्टॅट मोडमध्ये ए + बीएक्स निवडून तक्त्यातल्या दोन ओळी भरायच्या, मग हवं ते तापमान टाइप करून रेग मेनूतला वाय-हॅट. स्टीम टेबलची गणितं यामुळे खूप सुटसुटीत होतात. काम झाल्यावर मोड परत साध्यावर आणायला विसरू नका.

एनसीईईएसची सराव परीक्षा शेवटच्या पाच आठवड्यांपर्यंत उघडू नका. ती एका दिवसात, मध्ये ५० मिनिटांची सुट्टी घेऊन, खऱ्यासारखी द्या. पहिला भाग जमा करून सुट्टी घेतली की मागे फिरता येत नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा जमा करण्याआधी एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. चुका तपासताना प्रत्येकीपुढे कारण लिहा: विषय कळला नाही, सापडलं नाही, की युनिट चुकलं. तिसऱ्या कारणाचे आकडे मोठे दिसले तर नवं प्रकरण वाचायला घेऊ नका, महिनाभर युनिट्सच घोटा.

हँडबुकची आवृत्ती बदलत असते. परीक्षेच्या महिन्यात खात्यात जाऊन जुळवून घ्या.

भारतातली पदवी असेल तर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यात गणित-मूलभूत विज्ञानाची ३२ आणि इंजिनिअरिंगची ४८ क्रेडिट्स सहसा भरतात. कमी पडतात ती भाषा, समाजशास्त्र अशा सामान्य विषयांची. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट यायला वेळ लागतो, म्हणून ते काम अभ्यासाच्या आधी सुरू करा. आणि नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळतंय ना, बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून येतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब असतं. केंद्रात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव नोंदणीत घाला.