सिगारेट सोडताना: व्हेप की निकोटीनचे च्युइंगम?

व्हेपमध्ये, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटमध्ये, तंबाखू जळत नसल्याने टार आणि कार्बन मोनॉक्साइड बऱ्याच अंशी टळतात, आणि ओठांशी काहीतरी नेण्याची सवयही भागते, हे मान्य करायलाच हवे. मात्र निकोटीनची ओढ कायम राहते, शिवाय 2019 च्या कायद्याने देशभर ई-सिगारेटच्या विक्रीवर, आयातीवर आणि साठवणुकीवर बंदी आहे. त्यामुळे नागपुरात कोणी चोरून विकलीच, तरी आतल्या द्रवात काय आहे याची हमी कोण देणार?

च्युइंगम औषधाच्या दुकानात उघडपणे मिळते आणि 2 मिलिग्रॅम हे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. ते सतत चघळायचे नसते: झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचे, त्या ओसरल्या की पुन्हा हळूहळू चावायचे, असे सुमारे अर्धा तास. मी संत्र्याचा रस पिऊन लगेच ते तोंडात टाकत असे आणि तलफ शमत नसे, कारण आंबट पेयांमुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. आधीची पंधरा मिनिटे काही न खाता-पिता घालवू लागलो, तेव्हा फरक पडला. रिकामा हात पहिले काही आठवडे फार छळतो. तरीही माझी पसंती च्युइंगमलाच आहे. सरकारची 1800-112-356 ही मोफत सल्लासेवाही सोबतीला आहे.