‘आपली निवड झाली आहे’: पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्कारांपासून सावध राहा

फोन बहुतेक दुपारी येतो. ‘मॅडम, अभिनंदन! आमच्या ज्युरीने यंदाच्या गौरव पुरस्कारासाठी तुमची निवड केलीय.’ अर्ज केलेला नसतो, कुणी शिफारसही केलेली नसते. नंबर इन्स्टाग्रामच्या बायोमधून नाहीतर गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीतून उचललेला असतो. डोंबिवलीची मेकअप आर्टिस्ट, ठाण्यातला योगशिक्षक, बोरिवलीचा डेंटिस्ट, नुकतेच थोडे फॉलोअर जमलेला रीलवाला, सगळ्यांना तोच मजकूर जातो. पुरस्काराचं नाव ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे नंतर बेतलं जातं.

पहिल्या फोनवर पैशाचा विषय निघत नाही. व्हॉट्सॲपवर सोनेरी किनारीचं नामांकनपत्र येतं आणि त्यावर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असं छापलेलं असतं. इथेच थांबा आणि नोंदणी क्रमांक मागा. बहुतेकदा तो उद्यमचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, नाहीतर एनजीओ दर्पणचा निघतो. उद्यम नोंदणी फुकट असते आणि स्वतः भरून दिलेल्या माहितीवर होते, वडापावच्या गाडीचीही होते. दर्पण ही स्वयंसेवी संस्थांची सरकारी नोंदवही आहे. या दोन्हींमुळे पुरस्काराला सरकारची कसलीही मान्यता मिळत नाही.

दोन-तीन दिवसांनी खरा फोन येतो. ‘सीट कन्फर्म करायची आहे, आजच भरा, वेटिंगला लोक आहेत.’ आधी नोंदणी शुल्क, मग ट्रॉफी आणि शाल. सेलिब्रिटीबरोबरच्या फोटोचे वेगळे, सोबत येणाऱ्या नवऱ्याच्या पासचे वेगळे, ‘न्यूज कव्हरेज’चे आणखी वेगळे. ही बातमी म्हणजे पैसे भरून वेबसाइटवर टाकलेलं प्रसिद्धीपत्रक असतं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मजकुराशी संपादकांचा संबंध नाही.

समजा शंभर जणांनी प्रत्येकी १५,००० भरले, तर पंधरा लाख झाले. त्यातून अंधेरीच्या हॉटेलातला हॉल, जेवण, घाऊक भावाच्या ट्रॉफ्या आणि सेलिब्रिटीची अपिअरन्स फी निघते. उरेल ते आयोजकाचं. सेलिब्रिटीला तुमचं काम माहीत नसतं, तो ठरलेल्या वेळेपुरता आलेला असतो. त्याच्या हातून ट्रॉफी घेताना त्याची फीसुद्धा तुम्हीच भरलेली असते, हे लक्षात घ्या.

प्रत्यक्ष समारंभात नावं ओळीने पुकारली जातात. चढायचं, ट्रॉफी धरायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. अनेकदा स्टेजवरची ट्रॉफी खाली उतरताच परत घेतात आणि नावाची ट्रॉफी काउंटरवरून न्यायला सांगतात. ती नीट पाहा. सोनेरी मुलामा दिलेलं फायबर, पायथ्याला नावाचा स्टिकर, आडनावात चूक. नखाने कोपरा उचलला तर स्टिकर निघून येतो आणि खाली कधी कधी गेल्या वर्षाचा आकडा सापडतो.

पोस्टरवरचा सेलिब्रिटी आलाच नाही, तर पोस्टरच्या तळाशी ‘तारखांच्या उपलब्धतेनुसार’ ही ओळ असतेच. पैसे भरण्याआधी ती शोधा.

नावांवरून विशेष गोंधळ होतो. दादासाहेब फाळके पुरस्कार केंद्र सरकार देतं, १९६९ पासून, आणि तो मिळायला कुणी पैसे भरत नाही. त्या नावाला एखादा शब्द जोडून भरवलेला खाजगी सोहळा वेगळा. तीच गत मानद डॉक्टरेटची. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तशी परवानगी असलेल्या संस्थांनाच आहे. हॉटेलात पैसे घेऊन झगा-टोपी चढवणाऱ्याला तो नाही. ती ‘डॉ.’ दवाखान्याच्या पाटीवर लावलीत, तर तुमच्यानंतर पेशंटही फसतो. पद्म पुरस्काराचं नामांकन सरकारी पोर्टलवर फुकट होतं, स्वतःचंही करता येतं. ‘पद्मसाठी फाइल पुढे सरकवतो’ म्हणून पैसे मागणारा सरळ चोर समजा.

‘शुल्क अधिक १८ टक्के जीएसटी’ असं सांगितलं, तर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर तपासा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर ‘पी’ असेल तर ती एकटी व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘टी’ असेल तर ट्रस्ट. पत्रावर ट्रस्ट आणि पॅनमध्ये ‘पी’ असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडेही तपासता येते.

गेल्या वर्षीच्या विजेत्याला विचारावं, तर तो किती भरले ते सांगत नाही. फोटो स्टेटसला लागलेला असतो, सोसायटीच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स असतो, सासरच्यांनी पेढे वाटलेले असतात. आता पैसे भरले होते हे कोण कबूल करणार? याच लाजेवर पुढच्या वर्षीचा हॉल भरतो. म्हणून त्याला चारचौघांत नको, एकट्याला गाठून विचारा.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. समोरच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत कळलं तर ती रोखता येते. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पोलीस ठाण्यात ‘ट्रॉफी मिळाली ना, मग फसवणूक कसली?’ हा प्रश्न येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक दाखवायची, तर हेतू सुरुवातीपासून खोटा होता हे दिसावं लागतं. त्यामुळे पैसे भरण्याआधीचे मेसेज सर्वात मोलाचे. पोस्टर, सेलिब्रिटीचं नाव, ‘सरकारमान्य’ लिहिलेलं पत्र, सगळं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा आणि चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, कारण समारंभ उरकला की ग्रुप बंद होतो आणि डिलीट केलेले मेसेज परत मिळत नाहीत.