सीएजीआर की एक्सआयआरआर?

दोन्ही गुंतवणुकीवरच्या वार्षिक परताव्याचेच आकडे, पण गल्लत केली की हिशेब फसतो.

एकदाच पैसे टाकून विसरून गेलात तर सीएजीआर, म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर, पुरे. 1 लाखाचे 6 वर्षांत 2 लाख झाले, म्हणजे वर्षाला सुमारे 12.25 टक्के चक्रवाढ. मधल्या वर्षांत बाजार कोसळला होता की उसळला होता, हे मात्र त्यातून कळत नाही.

एसआयपीचं, म्हणजे दर महिन्याला हप्त्याने गुंतवण्याचं, गणित वेगळं. दर महिन्याच्या सुरुवातीला 10,000 भरले आणि वर्षअखेर 1,20,000 चे 1,28,093 झाले. पाहणारा म्हणतो, ‘जेमतेम पावणेसात टक्के!’ अहो, पण शेवटचा हप्ता एकच महिना गुंतला होता, पहिला पूर्ण बारा. प्रत्येक हप्त्याची तारीख धरणारा एक्सआयआरआर इथे सुमारे 12.7 टक्के निघतो. एक्सेलमध्ये याच नावाचं सूत्र आहे. भरलेली रक्कम वजा चिन्हाने लिहायची, एवढं विसरू नका.

माझं मत? एसआयपीवाल्याने स्टेटमेंटवर एक्सआयआरआरच पाहावा. फक्त गुंतवणूक दोन-तीन महिन्यांचीच असेल तर तो आकडा वर्षाच्या मापाने फुगतो किंवा भलताच उणे दिसतो.