खिशातला २८ मिमी कॅमेरा: आठ महिन्यांनंतर

घेतल्याघेतल्या पहिल्याच आठवड्यात या कॅमेऱ्याबद्दल लिहायला बसले होते. बरं झालं, तेव्हा कंटाळा आला. त्या मजकुरात निम्मं कौतुक खोक्याचं आणि मेनूचं होतं, आणि आज जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडते तिचा पत्ताही नव्हता.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि त्या या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना लागू पडतात. जात अशी: एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान), २४ मेगापिक्सेल, न बदलता येणारी १८ मिमीची लेन्स (फुल फ्रेमच्या हिशोबात २८ मिमी, म्हणजे बरंच रुंद दृश्य), अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/२.८ (आकडा लहान तितकं भोक मोठं). झूम नाही, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅशही नाही. वजन पाव किलोच्या आसपास. पँटच्या पुढच्या खिशात मावतो, आणि मी घेतला तो एवढ्याचसाठी. आधीचा मोठा कॅमेरा कपाटात पडून असायचा. तो काढायचा म्हणजे ‘आज फोटो काढायला जायचंय’ असं ठरवावं लागायचं, आणि ठरवून गेलं की नेमकं समोर काही घडत नाही. हा मात्र मुद्दाम कुठेच नेला नाही. कामावर जाताना, येताना एक स्टॉप आधी उतरून, दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना, असाच वापरला.

पहिले दोन महिने ऑटोफोकसनं रडवलं. भर उजेडात ठीक, पण संध्याकाळी लेन्स मागेपुढे करत बसते. एकदा पावसात बस थांबली होती आणि आतून एक मुलगी ओल्या काचेवर बोटानं घर काढत होती. दार झालं, खिडकी झाली, छप्पर चाललं होतं. मी बटण दाबलं. काच धरायची की काचेमागची गर्दी, यावर कॅमेऱ्यानं विचार केला आणि तेवढ्यात बस सुटली. माझ्याकडे फोटो आहे तो बसच्या मागच्या लाल दिव्याचा, तोही धूसर.

त्या रात्री चिडून माहितीपुस्तिका नीट वाचली. फोकस आधीच एका अंतरावर बांधून ठेवायची सोय यात आहे, मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भोक लहान केलं की जास्त खोलीपर्यंत स्पष्ट येतं: १८ मिमीच्या लेन्सला एफ/८ ठेवून २ मीटरवर फोकस बांधला, की साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग कॅमेऱ्याला शोधायला काही उरतच नाही, बटण दाबलं की फोटो. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचं नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत मोकळा सोडायचा. दिवसा माझं सेटिंग एवढंच, आणि सहा महिन्यांत क्वचितच बदललंय.

अंधार पडला की प्रकाशासाठी भोक मोठं करावं लागतं आणि हे गणित मोडतं. एफ/२.८ वर तोच २ मीटरचा फोकस जेमतेम दीड ते तीन मीटरपर्यंत पुरतो. म्हणजे अंतर आपल्यालाच ओळखता यायला हवं. २ मीटर म्हणजे माझी तीन पावलं. हे अंगात मुरेपर्यंत घरच्यांनी बरंच सहन केलं, कारण मी दारात उभी राहून त्यांना ‘तिथेच थांबा’ म्हणायचे आणि पावलं मोजत जायचे. आता रस्त्यावर कोणी त्या टप्प्यात आलं की हात आपोआप उठतो.

आत स्टॅबिलायझेशन आहे, पण ते आपला हात सावरतं, समोरच्या माणसाला थांबवत नाही. हे कळायला एक वाया गेलेली रात्र लागली. पादचारी पुलाच्या कठड्यावर कॅमेरा टेकवून १ सेकंदाचं शटर ठेवलं होतं. चालणारे सगळे धुक्यासारखे विरघळले, फक्त बुटाची नाडी बांधायला वाकलेला एक माणूस तेवढा रेखीव उरला. पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा, फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरनं १८३८ मध्ये घेतलेला फोटो आठवला. वर्दळीचा रस्ता, पण एक्सपोजर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) इतकं लांब की हलणारं सगळं पुसलं गेलं, आणि बूट पॉलिश करून घेणारा माणूस स्थिर उभा होता म्हणून उमटला. दोन्हीकडे बूटच, याची मला उगाचच फार गंमत वाटली.

२८ मिमीत लांबून काही मिळत नाही. रस्त्याच्या पलीकडून काढलं तर माणूस मुंगीएवढा येतो. जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की लोकांना दिसतं. बहुतेक जण दुर्लक्ष करतात. कोणी विचारलं तर मी स्क्रीन दाखवते, नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच पुसून टाकते. दोघांनी उलट फोटो मागून घेतला.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी धुळीची. लेन्स उघडता-मिटताना हवा आत ओढली जाते आणि खिशातला बारीक कचरा सेन्सरवर जाऊन बसतो. पाचव्या महिन्यात आकाशात करडा ठिपका दिसायला लागला. एफ/२.८ वर कळत नाही, एफ/११ च्या पुढे लपत नाही. तपासायचं असेल तर एफ/१६ वर फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. लेन्स काढता येत नसल्यामुळे घरी साफ करायचा प्रश्नच नाही. दुरुस्तीवाल्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला आणि परत आला तेव्हा ठिपका गेला होता, कोपऱ्यात एक नवा होता. तो मी तसाच ठेवलाय. कॅमेरा आता मऊ कापडी पिशवीत घालून मगच खिशात जातो.

बॅटरी दोनेकशे फोटोंत संपते, दुसरी जवळ हवीच. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, पण अंतर सरावाचं झाल्यावर स्क्रीनकडे बघणंच कमी झालं, म्हणून याची टोचणी गेली.

मग फोन काय वाईट, असं घरात रोज कोणीतरी विचारतं. अंधारात फोनचा फोटो बरेचदा जास्त उजळ येतो, तो अनेक फ्रेम जोडून चित्र बनवतो. पण फोन काढला की आधी मेसेज दिसतात, आणि मी रस्ता सोडून त्यातच बसते.

आठ महिन्यांत साडेसहा हजारांच्या आसपास फोटो झाले. ठेवावेसे वाटले ते दोनशेच्या आत. काचेवर घर काढणारी मुलगी पुन्हा दिसली नाही. त्याच स्टॉपवर पावसात मात्र अजून थांबते, फोकस १ मीटरवर बांधून.