पाण्यात घातलं म्हणून वॉरंटी गेली म्हणे!

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीवरून, एकट्यानं समुद्रात गळ टाकायची हौस असलेल्यांसाठी हे लिहितोय, त्यातही आमच्यासारख्या समुद्रापासून लांबच्या लोकांसाठी. मालवणच्या माणसाला लाइफ जाकीट हातात घेऊन, दाबून, शेजाऱ्याला दाखवून घेता येतं. सोलापुरात चादर आणि टॉवेल पन्नास ठिकाणी मिळतील, समुद्राचं सामान मात्र फोटो बघूनच मागवावं लागतं. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मी घेतलं ते 'सोलो अँगलर सेफ्टी कॉम्बो' नावाचं पॅकेज. त्यात एक सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायची) कयाक ('डेमो पीस सर, दोनदाच पाण्यात गेलीय'), लाइफ जाकीट, पॅडलची दोरी, शिट्टी, आणि वर 'सेल्फ-रेस्क्यू प्रशिक्षण प्रमाणपत्र', म्हणजे उलटल्यावर एकट्यानं परत चढता येतं याचा दाखला. हे प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये आलं. प्रशिक्षण कुठं झालं, ते देणाऱ्यालाच माहीत. एकूण ४६,००० रुपये, त्यातले ३०,००० आधी.

विकणारा माणूस बोलायला एकदम पक्का होता. सगळ्यात आधी त्यानं माझं वजन, उंची विचारली, पोहता येतं का विचारलं. मग म्हणाला, "थंडीत पहाटे निघू नका सर, मतलई वारा असतो, परत येताना दम निघेल." हे शंभर टक्के खरं आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा वारा किनाऱ्याजवळ जाणवतसुद्धा नाही, पाणी काचेसारखं दिसतं. कयाक आपोआप पुढं जाते, सुरमईच्या नादात आपण लांब जातो आणि वळल्यावर कळतं की आता प्रत्येक वल्हं वाऱ्याच्या तोंडावर मारायचंय. कयाक उलटली आणि हातातून सुटली तर वारा तिला आपल्या पोहण्यापेक्षा वेगानं पळवतो. त्याचा एकूणएक सल्ला असाच खरा होता. खोटा होता तो फक्त माल. इतकी खरी माहिती देणारा माणूस लबाड असेल असं वाटत नाही, आणि त्याचा धंदा त्यावरच चालतो.

माल ट्रान्सपोर्टनं आला. उरलेले १६,००० भरल्याशिवाय बिल्टी (माल सोडवायची पावती) सोडायची नाही, आणि गोडाऊनमध्ये पॅकिंग उघडलं तर 'क्लेम' मिळणार नाही, अशी अट. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर खोके बांधलेली एवढी लांब वस्तू हमालानं टेम्पोत चढवली, 'माल सुस्थितीत मिळाला' यावर सही झाली. कुणी अशी अट घातली तर तिथंच व्यवहार थांबवा. कयाक काय गिफ्ट पॅक आहे का, की उघडली की मजा गेली?

पहिला घोळ माझ्या नजरेला आलाच नाही. तो पकडला मित्राच्या मामांनी. त्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. जाकिटाचा पट्टा मला लांब व्हायचा म्हणून त्यांच्याकडे नेलं होतं. त्यांनी पट्टा बाजूला ठेवला आणि आतलं लेबल नखानं उचकटून बघायला लागले.

"मालक, हे लेबल मागनं मारलंय की."

"कशावरून मामा?"

"धागा बघा की ओ. बाकी सगळं नायलॉननं शिवलंय, हे तेवढं साध्या दोऱ्यानं. आन् ही भोकं जुन्या लेबलाची."

मग माझ्या परवानगीनं त्यांनी बाजूची चार टाके शिवण उसवली. आत सोफ्यात घालतात तो स्पंज! लाइफ जाकिटात बंद पेशींचा फोम लागतो, ज्याच्या आतल्या हवेत पाणी शिरत नाही. स्पंज पहिल्या क्षणी तरंगतो, मग पाणी पीत राहतो. म्हणजे दुकानात, फोटोत, रीलच्या व्हिडिओत तो जाकीटच असतो.

लेबल नीट वाचलं तर ते स्वतःच खोटं बोलताना पकडलं जात होतं. वर छापलं होतं '१५० न्यूटन', म्हणजे तरंगत ठेवायची ताकद, आणि खाली 'आयएसओ १२४०२-५', म्हणजे अशा जाकिटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक. आता हे नीट लक्षात ठेवा. आयएसओ १२४०२ मालिकेत भाग ५ हा ५० न्यूटनच्या साधनांचा आहे. ती पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना वापरायची. भाग ४ म्हणजे १००, भाग ३ म्हणजे १५०, भाग २ म्हणजे २७५ न्यूटन. दोन्ही आकडे एका लेबलावर जुळतच नाहीत. शिवाय १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा उचल. एक लिटर फोम एक किलोपेक्षा थोडा कमीच उचलतो. म्हणजे फोमचं १५० न्यूटनचं जाकीट असेल तर त्यात पंधरा लिटरच्या वर फोम हवा. ऑफिसात येतो तो वीस लिटरच्या पाण्याच्या जारचा पाऊण भाग छातीपाठीवर बांधल्याइतका! माझं जाकीट स्वेटरएवढं. हवा भरणाऱ्या जाकिटाची गोष्ट वेगळी, ते घडी घातल्यावर पातळच असतं, पण त्यात गॅसचं नळकांडं असतं आणि ते वापरलेलं नाही ना, हे त्यावर कोरलेल्या वजनाशी सराफाच्या काट्यावर ताडून बघता येतं.

तरीही खात्री करायची म्हणून जाकीट रात्रभर हौदात दगडाखाली दाबून ठेवलं. सकाळी उचललं तर ओल्या गोधडीचं वजन. कापड थोडं पाणी धरतंच, म्हणून निथळू दिलं, तरी हलकं होईना. मग गिरणीतून पाच किलोचं लोखंडी वजन आणून बांधलं. लोखंड पाण्यात साधारण एक अष्टमांश हलकं होतं, म्हणजे खालची ओढ साडेचार किलोच्या आतच. साधं ५० न्यूटनचं जाकीट हे आरामात धरतं. हे '१५०'वालं वजनासकट तळाला गेलं. सगळ्याचा व्हिडिओ काढला. तो पुढं कामी आला.

कयाकची परीक्षा हिप्परग्याच्या तलावात. दोन मित्र काठावर, हातात लांब दोरी आणि ट्रकची ट्यूब, आणि अंगात मित्राचं खरं जाकीट. काठाजवळच मुद्दाम उलटायचं आणि एकट्यानं परत चढायचं, एवढाच कार्यक्रम. उजनी धरणात मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून आमच्या घरी 'पाणी' म्हटलं तरी चेहरे पडतात, त्यामुळे काठाला चिकटूनच.

चढायची रीत कागदावर सोपी आहे. उलट्या कयाकच्या मधोमध यायचं, पलीकडची कड किंवा पट्टा धरायचा, गुडघे अलीकडच्या कडेला टेकवून मागं झुकायचं, ती सुलटी होते. मग उभ्यानं चढायला जायचं नाही, पाय खाली लोंबले की कयाक अंगावर येते. पाय मारत अंग पाण्यावर आडवं करायचं, कयाक छातीखाली ओढायची, आधी पोट वर, मग वळून बूड सीटवर, शेवटी पाय आत. रॉड बांधलेल्या असतात, दोरा पायात अडकतो, म्हणून सुरी जाकिटावरच हवी, डब्यात नाही.

मी चढलो. आणि कयाक पुन्हा उलटली. परत चढलो, परत तेच. बूड सीटवर टेकताच ती एका अंगाला कलायची. आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. काठावर ओढून मागचं ड्रेन प्लग (आतल्या पोकळीतलं पाणी काढायचं बूच) उघडलं तर पाण्याची धार थांबेना. पोकळीतलं पाणी मोकळं असतं, आपण जिकडं झुकू तिकडं तेही धावतं, मग तोल सावरायचा कसा? किनाऱ्यापासून लांब, एकट्यानं, अंगात स्पंजचं जाकीट घालून हेच झालं असतं तर काय, हे तुमचं तुम्ही ठरवा.

गळती शोधायला साबणाचं पाणी फासलं आणि प्लगच्या भोकातून तोंडानं हवा फुंकली. कंप्रेसर लावू नका, फाटेल. वर आलेलं पाणी निथळायला या कयाकच्या तळात आरपार भोकं असतात, त्यातल्या एकाच्या कडेला, नेमक्या कंपनीच्या स्टिकरखाली, बुडबुडे. स्टिकर काढलं तर खाली तडा, त्यात एम-सील भरून वर रंग. या कयाक पॉलिथिलिनच्या असतात. त्यावर असलं काही धरत नाही, नख लावलं की खपली निघते. दुरुस्ती करायची तर त्याच प्लास्टिकची सळई वितळवून वेल्डिंग करावं लागतं. सेकंडहँड घेताना स्टिकर कुठं लावलेत ते बघा. सरळ जागेवर नाव असतं, भोकाच्या काठावर कुणी नाव लावत नाही. पॅडलच्या दोरीचा 'स्टेनलेस' हूक मिठाच्या पाण्यात एका रात्रीत तांबूस झाला, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं!

विक्रेत्याला सगळे व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं ते मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय: "सर तुम्ही जॅकेट रात्रभर पाण्यात ठेवलं. त्यामुळे वॉरंटी व्हॉइड झाली." लाइफ जाकीट पाण्यात घातलं म्हणून वॉरंटी गेली! तडा 'ट्रान्सपोर्टमध्ये पडला' म्हणे. मग एम-सील कुणी भरलं, हमालानं? यावर ब्लॉक.

तुमच्यावर ही वेळ आली तर पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढं सरकण्याआधी बँकेत अडकवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. माल आलाय पण खोटा आहे, अशा वेळी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. माझी सोलापुरात दाखल आहे. यूपीआयची पावती, बिल्टी, चॅट आणि हौदातला व्हिडिओ जोडलाय. तेव्हा फोनवर बोलणं झालं तरी भाव, वजन, न्यूटन, 'डेमो पीस' हे सगळं चॅटवर लिहून घ्या.

आयात माल असेल तर पॅकवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कुठल्या देशात बनला ते छापलेलं असावं लागतं. माझ्या खोक्यावर काहीच नव्हतं. आणि समुद्रात जाणारच असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर पाणी न लागणाऱ्या पाऊचमधल्या फोनमध्ये ठेवा, पाऊचसुद्धा आधी बादलीत बुडवून, आत कागद ठेवून बघा.

तोच माल आता दुसऱ्या नावाच्या अकाउंटवर आलाय. फोटो तेच आहेत. केशरी जाकीट, मागं निळी ताडपत्री, कयाकच्या बुडाला भोकाशेजारी गोल स्टिकर. कॉम्बोचा भाव आता ४२,००० केलाय.