नऊ पाईप आले, म्हणून ही फसवणूक नाही म्हणे!

१,८६,००० रुपये. गच्चीवर पर्गोला, म्हणजे खांबांवरचा सावलीचा मांडव, करून देतो म्हणणाऱ्याने मला एवढ्याला बुडवलं. हा खरा आकडा मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. मुलाला ऐंशी हजार सांगितले, व्याह्यांना "थोडे अडकलेत" एवढंच. बायकोपासून लपवता आलं नाही, कारण पासबुक तिच्याच कपाटात असतं. आज लिहितोय ते लाज ओसरली म्हणून नाही. फेब्रुवारी लागला आणि त्याच माणसाची जाहिरात पुन्हा मोबाइलवर फिरायला लागली, म्हणून लिहितोय.

आमचं घर अकोल्यात. इथला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकतो आणि रात्री दहा वाजताही गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. पूर्वी संध्याकाळी दोन बादल्या पाणी शिंपडून खाटा टाकायचो. आता मुलगी-जावई नातवंडांना घेऊन मे महिन्यात येतात, त्यांना खाटा नको, 'सिटिंग' पाहिजे. म्हणून २२ बाय १६ फुटांच्या गच्चीवर पर्गोला करायचं मनात घेतलं. मला लोभ सुटला होता असं कुणी म्हणू नये. स्वस्त काही मागितलं नव्हतं. व्याह्यांना दाखवायची हौस थोडी होती, ती कबूल करतो.

जाहिरात, गोड बोलणं, "काका, अक्षय तृतीयेपर्यंतच हा रेट" वगैरे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शाई घालवत नाही. एक मुलगा आला, लेझरच्या यंत्राने मापं घेतली, गच्चीचे पंधरा-वीस फोटो काढले. फोटो काढताना आमची काळी टाकी मध्ये येत होती. तिचं झाकण वाऱ्याने उडतं म्हणून मी पिवळ्या दोरीने बांधलंय. "ही दोरी काढता येईल का काका, फ्रेम खराब होते," म्हणाला. मी नाही म्हणालो. अख्ख्या व्यवहारात मी एवढंच एक नाही म्हणालो.

३५२ चौरस फूट, ७८० चा भाव, म्हणजे २,७४,५६०. 'तुमच्यासाठी' २,७०,००० मध्ये ठरलं. बुकिंगचे ५,०००. चौथ्या दिवशी 'मटेरियल उचलायला' १,३०,०००. पाईप आल्यावर 'पॉलीकार्बोनेट शीट कंपनीतून सुटायला' ४०,०००. शेवटी 'गाडीभाडं आणि जीएसटी' म्हणून ११,०००. चारही वेळा क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर फर्मचं नाव न येता कुठल्यातरी बाईचं नाव यायचं. विचारलं तर "आमच्या अकाउंटंट मॅडम". फर्मच्या नावाच्या खात्याशिवाय कुठेही पैसे टाकू नका. टाकलेच, तर मग माझ्यासारखं बँकेत जाऊन "तुम्हीच पाठवलेत ना साहेब?" हे ऐकायची तयारी ठेवा.

त्याने पाठवलेलं थ्रीडी चित्र अजून मोबाइलमध्ये आहे. ते आता बघितलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. काळ्या रंगाचं डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचं, डेक, त्याच्या कडेने प्लास्टिकची हिरवळ. एप्रिलमधल्या दुपारी ही दोन्ही इतकी तापतात की अनवाणी पाय टेकवता येत नाही. पश्चिमेची बाजू सताड उघडी, वर लिहिलेलं 'सनसेट व्ह्यू'. अहो, वऱ्हाडात दुपारी चारनंतरचं पश्चिमेचं ऊनच तर माणसाला भाजून काढतं! आमच्याकडे मे महिन्यात बारा वाजता सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा वरची सावली कामी येते. पण चार ते सहा ऊन आडवं घुसतं. त्याला पश्चिमेला उभा आडोसाच लागतो, मग तो वाळ्याचा असो, बांबूच्या चिकांचा असो की नुसता वेलाचा. ज्याने पश्चिम उघडी ठेवली त्याने आमची गच्ची बघून चित्र काढलेलंच नव्हतं. कुठल्यातरी थंड देशातलं तयार चित्र उचलून त्यात आमचा कठडा चिकटवला होता.

धुक्यासारखे फवारे मारणारे पंखेही होते त्यात. कोरड्या हवेत ते गारवा देतात, हे खरं आहे. मुंबईच्या दमट हवेत उपयोग नाही, इथे आहे. पण आमची बोअर खारपाणपट्ट्यातली. तिच्या पाण्याने नळाची जाळी महिन्याभरात क्षाराने पांढरी होते, तिथे केसाएवढ्या भोकाचे नोझल किती दिवस टिकणार? "पाणी कसं आहे?" हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. गच्चीवर, अंगणात काहीही करून घ्यायचं असेल तर समोरचा तुम्हाला काय विचारतो तिकडे लक्ष द्या. ज्याला पाणी, वारा आणि ऊन याबद्दल काहीच विचारावंसं वाटत नाही, त्याला नुसत्या खिशाची माहिती हवी असते.

आता जे सांगतो ते लिहिताना हात जड होतोय.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर एकोणतीस वर्षं काढली. ट्रॅक्टर काट्यावर चढला की कापूस ओला आहे की खाली दगड घातलेत, ते मला चालीवरून कळायचं. लोक मला घाबरायचे. आणि त्या सकाळी पाईप आले तेव्हा मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. एक पोट्टा, वजनाने असेल पन्नास किलोचा, दोन-दोन पाईप खांद्यावर घेऊन जिना चढत होता. वीस फुटी पाईप, दोन बाय दोन इंची, कोटेशनमध्ये जाडी २ एमएम लिहिलेली. बायको दारातून म्हणाली, "अवो, हा पोट्टा एकटाच दोन-दोन काहून नेऊन राह्यला? लोखंडाचेच हायेत ना?"

मी तिला गप्प केलं. "तुला काय कळतं त्यातलं."

हे मी म्हणालो, काट्यावरचा माणूस. २ एमएमचा तसा पाईप सुमारे १८ किलो भरतो, दोन म्हणजे ३६. ते घेऊन वळणाचा जिना एकट्याने नऊ पाईप होईपर्यंत चढणं सोपं नाही. पुढे सगळं हातचं गेल्यावर मी ते ओळखीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकले. एकेक ११ किलो २०० ग्रॅम. नऊचे मिळून १६२ च्या जागी १०१ किलो. जाडी १.२ एमएम. 'गॅल्वनाइज्ड' म्हणून आलेल्या पाइपांवर नुसता चंदेरी रंग होता. किल्लीने खरवडला तर खाली गंज. पाच मिनिटं आणि एक वजनकाटा, एवढंच लागलं असतं. त्यानंतरचे ५१,००० तरी वाचले असते. माल उतरवताना वजन करा. पुरवठादाराला राग आला तर येऊ द्या.

बचावासाठी एवढंच सांगतो की त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लागली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बायको म्हणते, डोळ्याचा आणि वजनाचा काय संबंध? तिचंही खरं आहे.

पाईप आले त्याच दिवशी त्यांनी स्लॅबला सहा ठिकाणी प्लेटा ठोकल्या, प्रत्येकी चार बोल्ट. म्हणजे २४ भोकं, थेट कोब्यातून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थरातून, आरपार. उभं काहीच केलं नाही. शीट येणार म्हणून ४०,००० आणि ११,००० घेतले, त्यानंतर फोन "स्विच ऑफ". जूनच्या दुसऱ्या पावसात देवघराचं छत ठिबकायला लागलं. वॉटरप्रूफिंग दुरुस्तीचे २३,५०० वेगळे. म्हणजे एकूण २,०९,५००. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने सांगितलं की खांब उभे करायचे तर खालच्या कॉलमच्या डोक्यावर सिमेंटचे छोटे ओटे घालून त्यावर करायचे असतात, गच्चीचा कोबा फोडून नाही. आणि वर बंद शीट असेल तर वळवाच्या वाऱ्यात ती पतंगासारखी उचलते, म्हणून पाया आधी बघायचा. हा मिस्त्री दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला आधी विचारायचं मला सुचलं नाही, कारण त्याच्याकडे थ्रीडी चित्र नव्हतं.

आता साहेब लोकांकडे येतो.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला तेव्हा शेवटचे पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ही चूक माझीच. तो नंबर लगेच लावला तर पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. मी मात्र "गावाला गेला असेल, येईल" म्हणत बसलो. तक्रार क्रमांक मिळाला. सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला, माल आला, तर हे पोलीस ठाण्याचं काम. ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, हे सायबरचं काम. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला एका हवालदाराने कागद बघितले आणि अगदी शांतपणे विचारलं, "काका, नऊ पाईप आले ना? मग फसवणूक कशी? काम अर्धवट सोडलं म्हणा. दिवाणी बाब आहे, कोर्टात जा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते नऊ पाईप माझ्यासाठी आलेच नव्हते! ते या हवालदारासाठी आले होते. १०१ किलो पत्र्यासारखं लोखंड आणि २४ भोकं एवढ्या खर्चात चोरीचा 'वाद' करून टाकला. काहीच पाठवलं नसतं तर गुन्हा दिसला असता; थोडं पाठवलं की व्यवहार दिसतो. आणि आपली यंत्रणा त्या नऊ पाइपांच्या आड निवांत बसते. मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ छापून नेलं होतं, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू असेल तर तो गुन्हा आहे असं समजावत होतो. समोरचा म्हणाला, "हेतू सिद्ध करा." हेतू मी सिद्ध करायचा? मग तुम्ही तिथे पंख्याखाली कशाला बसलात? अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "साहेब आले की". साहेब बंदोबस्तात. पुढच्या वेळी निवडणुकीच्या कामात. त्यापुढच्या वेळी बदली होऊन गेलेले. पोच न घेता कुठेही अर्ज सोडू नका, आणि ठाण्यात दाद लागत नसेल तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा. कायद्यात ती सोय आहे, पण ठाण्यात ती कुणी सांगत नाही.

जीएसटीचा किस्सा राहिलाच. कोटेशनवर पंधरा अक्षरी नंबर छापला होता, खाली 'प्रायव्हेट लिमिटेड'. मुलाने जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकला तर भलत्याच नावाचं दुकान निघालं आणि नोंदणी रद्द. तो म्हणाला, बाबा, साइटसुद्धा नको होती. त्या नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर तो कुणाचा ते सांगतं, त्यामुळे अख्ख्या नंबरातलं सहावं अक्षर कंपनी असेल तर 'सी' हवं. आमच्या कागदावर 'पी' होतं, म्हणजे एकट्या माणसाचा पॅन. सहावं अक्षर बघायला एक सेकंद लागतो. आणि अशा माणसाला मी 'जीएसटी' म्हणून पैसे मोजले.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जा. पण नोटीस ज्या पत्त्यावर जाते तिथे म्हणे आता मोबाइलचं दुकान आहे. "पत्ता सापडत नाही" असा शेरा घेऊन ती दोनदा परत आली. पत्ता शोधायचं कामही बहुतेक माझ्याकडेच येणार. तेच कोटेशन मिळालेले दोघे जण भेटलेत, एकाला सात पाईप आले, एकाला अकरा. तिघांचे कागद एकत्र करून अधीक्षकांकडे जातोय.

गच्चीवर आता चार बांबू, वर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आणि पश्चिमेला वाळ्याचा पडदा आहे. खर्च ६,४०० रुपये. नातवंडं तिथेच खेळतात.

आणि ती नवी जाहिरात. त्यात 'आमचं अकोल्यातलं पूर्ण झालेलं काम' म्हणून एक फोटो आहे: झकास पर्गोला, दिवे, सोफे. मागे कोपऱ्यात काळी टाकी आहे आणि तिच्या झाकणाला पिवळी दोरी बांधलेली आहे. ती गच्ची माझी आहे. तो फोटो दिसला तर पैसे पाठवायच्या आधी माझ्याकडे या. नऊच्या नऊ पाईप जिन्याखाली ठेवलेत, उचलून बघा.