टायगर मॉथ की चिपमंक? हाती दोनच आठवडे असतील तर

इंदूरच्या फ्लाइंग क्लबात सेस्ना या लहान विमानावर हात बसलेल्या आणि आता एखादे जुने लष्करी प्रशिक्षण विमान नीट आत्मसात करावे असे वाटणाऱ्या दोघा-तिघांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला : इंग्लंडला जाऊन शिकायचे, तर टायगर मॉथवर (उघड्या कॉकपिटचे, दुहेरी पंखांचे विमान) शिकावे की चिपमंकवर (बंद कॉकपिटचे, एकेरी पंखांचे)? मी केंब्रिजशायरमधील एका गवती धावपट्टीवर पहिला आठवडा टायगर मॉथवर आणि दुसरा चिपमंकवर काढला, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. हार्वर्ड या त्यांहून मोठ्या प्रशिक्षण विमानाचा विचार मी आधीच सोडला होता, कारण 600 अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा ताशी खर्च माझ्या आवाक्यातला नव्हता. आपल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी घडवलेले आणि 1951 मध्ये प्रथम उडालेले एचटी-2 हे भारतीय प्रशिक्षण विमान शिकण्यासाठी मिळाले असते, तर मी दुसरीकडे पाहिलेही नसते.

टायगर मॉथविषयी आदराने बोलले पाहिजे. ते उडवणे सोपे आणि चांगले उडवणे अवघड, असे म्हणतात ते खरे आहे. एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणाऱ्या पंखांवरील झडपा) फक्त खालच्या पंखांना असल्याने स्टिक (हातातली दांडी) डावीकडे नेली की नाक आधी उजवीकडे झुकू पाहते आणि वेळेवर रडर (पायांच्या पेडलांनी हलणारे शेपटीचे सुकाणू) दिले नाही तर विमान आडवे घसरत वळते. सेस्नामुळे माझ्या पायांना जो आळस जडला होता, तो पहिल्या अर्ध्या तासातच उघडा पडला. विद्यार्थी मागे आणि शिक्षक पुढे, वर मोकळे आकाश. वळण बिघडले की वारा एकाच गालावर झोंबू लागतो, आणि विमान घसरते आहे का हे दाखवणारी यंत्रावरची गोळी पाहण्याआधी चूक गालाला कळते. शिक्षणाचे इतके प्रामाणिक साधन मी अन्य कोणत्याही विमानात पाहिले नाही.

परंतु त्याच विमानाची एक गोष्ट मला फार जाचली. त्याला ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारी स्किड आहे. त्यामुळे थोडा जोराचा वारा सुटला की जमिनीवर वळण्यासाठी पंखाचे टोक धरून चालणारा माणूस लागतो, आणि आडवा वारा वाढला की उड्डाणच थांबते. माझ्या सात दिवसांपैकी तीनच दिवस उड्डाण झाले. चौथ्या दिवशी सकाळी वारा मर्यादेत होता, आम्ही हेल्मेट बांधून तयार होतो, पण पंख धरणारा सहायक दुसऱ्या विमानाकडे गेला होता. तो परत येईपर्यंत वायुदिशादर्शक मोजा धावपट्टीला आडवा ताठ उभा राहिला आणि आम्ही हेल्मेट सोडले. यात कोणाचीच चूक नव्हती. तरीही रजा, व्हिसा आणि विमानभाडे यांचा हिशेब मनात असलेल्या माणसाला गवतावर बसून वाऱ्याची वाट पाहणे जड जाते, आणि आदल्या दिवशी पायांत उतरू लागलेली गोष्ट मधल्या खंडात निसटते, हे त्याहून जड जाते.

चिपमंकमध्ये ती वाट पाहणे नव्हते. त्याची शिकवण टायगर मॉथइतकी कठोर नाही, हे मान्य; एलेरॉन इतके सुरेख की पाय पुन्हा थोडे सुस्तावतात. मात्र शेपटीच्या चाकाचे विमान असल्याने उतरताना लक्ष हटले तर ते ग्राउंड लूपची, म्हणजे जमिनीवर अचानक गर्रकन फिरण्याची, शिक्षा देतेच. त्याचा ब्रेकही निराळा आहे : डाव्या हाताशी एक लिव्हर, ती दोन-चार खाचा ओढून ठेवायची आणि मग रडरचे पेडल दाबले की त्या बाजूचे चाक धरते. जमिनीवर ही सोय उत्तम आहे, पण उतरण्यापूर्वी लिव्हर पूर्ण सोडलेली नसेल तर वारा सावरण्यासाठी दिलेले रडरच एक चाक धरून बसते. शिक्षकांनी मला प्रत्येक फेरीत लिव्हर सोडून दोन्ही पेडल शेवटपर्यंत दाबून पाहायला लावले, आणि ती सवय अंगात मुरली. विमान गरगरत खाली येते त्या गिरकीतून (स्पिनमधून) बाहेर येतानाही स्टिक अगदी टोकाला टेकेपर्यंत पुढे ढकलावी लागते. हाताला जड लागते म्हणून नवखा मधेच थांबतो. मीही पहिल्यांदा थांबलो, तेव्हा मागून शांत आवाज आला, "अजून पुढे."

दुसऱ्या आठवड्यात मी सहा दिवस उडालो, आणि बहुधा तेथेच माझा कौल ठरला. शिवाय आपल्याला परतायचे आहे ते डांबरी धावपट्टीवर, मालव्याच्या पठारावर, जेथे उन्हाळ्याच्या दुपारी वारा आडवा आणि धक्के देत येतो. तेथे उपयोगी पडणारी आडव्या वाऱ्यातल्या उतरण्याची तालीम मला चिपमंकने दिली. टायगर मॉथ त्या वाऱ्यात हँगरमध्येच राहिले. ज्यांच्याकडे दोन-तीन महिने आहेत, किंवा ज्यांना वाऱ्याच्या दिशेनुसार कोणीकडेही उतरता येईल असे चौफेर गवती मैदान लाभले आहे, त्यांनी माझे ऐकू नये असेही मला वाटते.

इतरांनी माझ्या मते सगळे तास चिपमंकसाठी ठेवावेत आणि टायगर मॉथसाठी शेवटच्या संध्याकाळचा, वारा पडल्यानंतरचा, अर्धा तास राखावा. त्या अर्ध्या तासात यंत्रांकडे न पाहता दोन्ही बाजूंना एकेक वळण घ्यावे आणि वारा कोणत्या गालाला लागतो ते पाहावे.